काळ्या पडद्यावरचा फाटकवाला

काकांच्या दुकानाचं शटर कधीच पूर्ण वर गेलं नाही. तेलंगणात, आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरला, हायवेच्या कडेला ऑनलाइन अर्जांचं आणि झेरॉक्सचं ते दुकान होतं. मागे घर, आणि घरावरची एक खोली मी भाड्यानं घेतलेली. सकाळी ते शटर कमरेएवढं उचलत आणि तिथंच सोडून देत. पहाणीची, म्हणजे इथल्या सातबाऱ्याची, नक्कल काढायला आलेला शेतकरी असो की दाखल्यासाठी आलेली बाई, सगळ्यांना वाकून आत शिरावं लागे. मी एकदा चिडून सुनावलं, "काका, लोकांना असं वाकायला लावणं ही सरंजामशाही आहे."

"सरंजामशाही नाई, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "वाकून वर येते न माणूस, तवा पळभर त्याचं तोंड मोकळं असते. काय ठरवून आला ते तवाच दिसते. मंग तो हासते, अन् मंग काई दिसत नाई."

मी जवळच्या एका मराठी शाळेत विद्या वालंटियर होते, म्हणजे कायम शिक्षक नसल्यानं भरलेली तात्पुरती शिक्षिका. मला बाई म्हणणारे पुष्कळ होते. 'मास्तरीणबाई' असं लांबवून, जरा टोचून म्हणणारे हे एकटेच.

संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, धंदा होता. फोन वाजला की उचलायचे आणि गप्प राहायचे, पलीकडचा वैतागून स्वतःचं नाव सांगेपर्यंत. अर्ज भरून झाला की गिऱ्हाइकाला तो मोठ्यानं वाचायला लावायचे, आणि कुठे अडखळला की विचारायचे, "इथं काऊन अडकला? खोटं हाये का?" दुकानात पासपोर्ट फोटो काढून मिळत नसत. शेजारचा फोटोवाला त्यांना त्याबद्दल दुवा द्यायचा. त्यांचं म्हणणं, फोटोइतकी फसवी गोष्ट नाही. "तोंड एकदाच दिसते. लिवलेलं दोनदा वाचता येते."

हे वाक्य मला फार पटायचं, हे कबूल केलं पाहिजे. मी पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे झोपायच्या खोलीत गठ्ठे असत, आणि त्यांवर बसून मी बाराखडी शिकले. माझे बाबा सांगायचे की पत्रकाच्या तळाशी छापणाऱ्याचं आणि लिहिणाऱ्याचं नाव नसेल तर ते पत्रक नव्हे, चहाडी आहे. त्याच घरात मी दुसरीही गोष्ट शिकले: चहा प्यायला येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाकडे दोनदा बघायचं. खबरे चहा हळू पितात, असं आई म्हणायची.

काका चहा फार हळू प्यायचे.

आणि त्यांच्या संगणकावर, अर्जांच्या खिडकीमागे, कायम एक काळा पडदा उघडा असे. त्यावर इंग्रजी ओळी पाझरत राहायच्या. चित्र नाही, रंग नाही. एकदा झेरॉक्सची वाट बघताना मी चोरून वाचलं. मराठीत सांगायचं तर असं होतं: 'एक अनोळखी माणूस दक्षिणेकडून आला. तो फाटकाकडे बघतो आहे. तो उत्तरेकडे गेला.' त्याच दिवशी मी उत्तरेकडच्या वस्तीत जाऊन आले होते. मला वाटलं, ही माझीच नोंद.

त्यात पत्रकाची भर पडली. शाळेला कायम मराठी शिक्षक द्या, अशी मागणी करणारं पत्रक मी लिहिलं. सही 'पालक समिती' अशी होती, कारण मागणी त्यांची होती आणि त्यांनी ती ठरावानं केली होती. हातानं लिहिलेला मजकूर फक्त काकांनी पाहिला, कारण टाइप त्यांनीच केला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, हे तुमचंच ना?"

मी थेट दुकानात गेले. वाकून आत शिरले, आणि वर येताना तोंड मुद्दाम मोकळंच ठेवलं.

"काका, तुम्ही कोणासाठी काम करता?"

"बायकोसाठी," ते म्हणाले.

"मस्करी नको. त्या काळ्या पडद्यावर कोणाला कळवता? माझं पत्रक कोणाला दाखवलंत?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं रागावतील. उलट ते खूश झाले. शाळेतल्या मास्तराला एखाद्या पोरानं अवघड प्रश्न विचारल्यावर होतो तसा आनंद. "पयली गोष्ट," ते म्हणाले, "तुमचं पत्रक 'तमाम कष्टकरी बंधू-भगिनींनो' असं सुरू होते. साऱ्या भागात असं कोण लिवते? तुमचे बाबा अन् तुमी. पयली ओळ वाचली की लोक नाव सांगतेत. मले दाखवाची गरज काय?"

आतून काकूंचा आवाज आला. त्या मंचेरियलच्या, कोळशाच्या गावच्या. भाजीवालीशी तेलुगूत आणि नवऱ्याशी तिखट मराठीत बोलायच्या. "अव, तिले सांगून टाका न सीधं! चौकीदार हायेत म्हणा. त्या काळ्या पाटीवर एक गाव हाये व माय, तिथं हे रातंदिस फाटक राखतेत. घरचं फाटक तं मलेच लावा लागते."

तर तो खेळ होता. जगभरची माणसं एकाच वेळी खेळतात असा, आणि पूर्ण लिहिलेला. 'उत्तरेला जा' असं टाइप केलं की तुम्ही उत्तरेला जाता आणि तिथं काय आहे ते पडदा वाक्यात सांगतो. कोणी बोललं तर ते ओळ होऊन येतं. कोणी मारलं तरी ओळच येते. काकांना हा खेळ आवडण्याचं कारण उघड होतं, तिथं कोणाला तोंडच नव्हतं. काही खेळाडूंनी मिळून एक कोट वसवला होता, त्याला ते 'गाव' म्हणत. गावाला एकच फाटक, आणि सर्वांत संशयी माणूस म्हणून तिथल्या मंडळींनी काकांना फाटकावर बसवलेलं. जगातली ती एकच जागा असावी जिथं त्यांच्या स्वभावाची किंमत होती.

"पण तुम्ही तर दिवसभर अर्ज भरता," मी म्हटलं. "फाटक कोण राखतं?"

"ट्रिगर."

त्यांनी मला समजावलं. खाटकाच्या दुकानासमोर कुत्रं झोपलेलं असतं, सुरी घासल्याचा आवाज आला की उठतं. ट्रिगर म्हणजे ते कुत्रं. अमुक ओळ आली की तमुक आज्ञा आपोआप सोड, असं आधीच लिहून ठेवायचं. 'तुला भूक लागली आहे' ही ओळ आली की 'भाकर खा'. 'दिवा विझतो आहे' आली की 'तेल घाल'. आणि 'अमक्यानं आजच्या शब्दासह फाटक ठोठावलं' अशी ओळ आली की नाव सभासदाचं आहे का बघ, असेल तर उघड, आत घे, लाव. खेळाचा नियम होता की ट्रिगर लावा, पण समोर बसलेले असा. ट्रिगरनं केलं ते तुम्हीच केलं.

"अन् यात सगळ्यात मोठा धोका काय?" त्यांनी विचारलं. उत्तरही त्यांनीच दिलं. "ओळ कोणीबी बोलू शकते. बाहेर उभा राहून एखादा चोट्टा म्हणन, 'अमक्यानं फाटक ठोठावलं.' कुत्र्याले काय समजते? म्हणून ओळीच्या सुरवातीले खिळा ठोका लागते. खरी ठोठावल्याची ओळ नावानं सुरू होते. बोललेली ओळ बोलणाऱ्याच्या नावानं, 'चोट्टा म्हणते' अशी. सुरवात पाहाची, मंग विश्वास."

त्यानंतर मी रोज तिथं बसायला लागले. संशय गेला होता असं नाही, त्याला बसायला जागा मिळाली होती. मला ते गाव आवडू लागलं. तिथं प्रत्येक माणूस लिहून बोलत होता आणि ओळीच्या सुरवातीला त्याचं नाव होतं. मनात म्हटलं, हे तर बाबांचं राज्य.

फाटकावर रोज नवा शब्द असे, आणि तो सरळ लिहिलेला नसे. तारे, रेघा, टिंबं मांडून मोठा काढलेला असे, उंबऱ्यावरच्या रांगोळीसारखा. काकू त्याला मुग्गू म्हणायच्या, तेलुगूत रांगोळीला म्हणतात तसं. डोळ्यांनी बघितलं की शब्द वाचता येई, यंत्राला मात्र नुसते तारे दिसत. हा शब्द टाइप करून ठोठावायचं. माणूस आहे, यंत्र नाही, याचा तो पुरावा. ज्याला शब्द देता येत नाही त्याला गावात जागा नाही, असा मंडळींचा ठराव होता.

आणि तरी एक बाई शब्दाशिवाय आत जायची.

खेळात तिनं एका पक्ष्याचं नाव घेतलं होतं, मी तिला टिटवी म्हणते. ती फाटकाशी यायची, म्हणायची, "मी आले, दार उघडा," आणि फाटक उघडायचं. मी काकांना विचारलं तेव्हा ते कितीतरी वेळ अर्जातच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तिले दिसत नाई. तिचा संगणक पडदा वाचून दाखवते. मुग्गू आला की तो म्हणते, तारा, तारा, रेघ, तारा. दिवसभर बसली तरी शब्द कसा कळन? अन् घराबाहेर तिले हे गावच हाये, दुसरं काई नाई."

म्हणून त्यांनी तिच्यासाठी वेगळा ट्रिगर लिहिला होता. त्यात एक सैल जागा होती. टिटवी कधी फाटकाशी बोलायची, कधी कुजबुजायची, कधी लांबून ओरडायची. प्रत्येक वेळी ओळीची सुरवात वेगळी. त्यामुळे तिथं खिळा ठोकता येत नव्हता. ओळीत कुठेही तिचं नाव आणि ते वाक्य आलं की फाटक उघडायचं. बाकी सगळ्या ट्रिगरांना खिळे होते. हा एकच मोकळा.

"मंडळींना विचारलंत?"

"विचारलं असतं तं ठराव वाचून दाखवला असता."

कापसाच्या हंगामात, हायवेवर गाड्यांची रांग लागलेली असताना, एका दुपारी ते फाटक चुकीच्या माणसाला उघडलं. काका एका म्हाताऱ्याची दरखास्त भरत होते, मान खाली. मान वर केली तेव्हा गावाचं कोठार रिकामं होत होतं. मी शाळेतून आले तर ते पडदा मागे सरकवून त्या ओळी परत परत वाचत होते. मलाही दाखवल्या:

'एक अनोळखी माणूस म्हणतो, टिटवी म्हणते, मी आले, दार उघडा.'

'तू फाटक उघडतोस.'

'अनेक माणसं दक्षिणेकडून आली.'

नव्या खेळाडूंचं जमवलेलं सगळं गेलं होतं. हत्यारं, धान्य, दिव्यांचं तेल. खेळातलं म्हणून हसणाऱ्यांना सांगते, माणसं वर्षानुवर्षं राबून उभं करतात त्याची लूट ही लूटच असते, ती कापसाची असो की अक्षरांची.

रविवारी दुपारी गावाच्या चौकात सभा ठरली. काकांना एकच भीती होती, ती त्यांनी काकूंपासूनही लपवली नाही. "मले काढतीन," ते म्हणाले. काकूंनी नेहमीसारखं काही सुनावलं नाही. त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं, पूर्ण, आणि तीन कप चहा आणून ठेवला.

सभेआधी मी तावातावानं बोलले. "काका, उभे राहा आणि खरं सांगा. सैल ट्रिगर का ठेवला ते सांगा. एका अंध बाईला बाहेर ठेवणारा ठरावच अन्यायाचा आहे! मी निवेदन लिहिते, तुम्ही इंग्रजीत घाला. खाली तुमचं नाव टाका."

"अन् तिचं?"

"तिचंही. लपवायचं काय त्यात?"

"ठराव अन्यायाचा हाये, मान्य. पण तो आज बदलन का तिले काढल्यावर बदलन?" त्यांनी चहाचा घोट घेतला, हळू. "लुटून झालेले लोक हायेत ते, मास्तरीणबाई. आज त्याइले ठराव नाई बदलाचा. आज त्याइले माणूस पायजे."

मग मी ते विचारलं जे माझ्या मनात त्या ओळी वाचल्यापासून होतं. "ते वाक्य कोणाकोणाला माहीत होतं?"

"मले अन् तिले." माझ्याकडे बघून जोडलं, "अन् तुमाले."

"मग?"

"ती मोठ्यानं बोलते. बाजूला उभं राहून कोणीबी ऐकलं असन."

"किंवा तिनंच दिलं. काका, तिला दिसत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? तिनंच ना? लिहून?"

अर्ज मोठ्यानं वाचायला लावणारा, फोनवर आधी गप्प बसणारा हा माणूस. मला वाटलं, आता तरी चमकतील. ते चमकले नाहीत. म्हणजे हा प्रश्न त्यांनी स्वतःला आधीच विचारलेला होता.

"खोटं असन तं माझं गाव जाईन," ते म्हणाले. "खरं असन अन् मी बोललो, तं तिचं जाईन. मले तं आदिलाबादले बस हाये, बायको हाये, भांडाले तुमी हाये."

"फुकट भाडेकरू ठेवला का?" काकू म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

सभा सुरू झाली. ओळी इतक्या वेगानं आल्या की मला अर्ध्याच वाचता आल्या. गावचा म्होरक्या विचारत होता, बाकी ओरडत होते.

'फाटक कोणी उघडलं?'

काकांनी टाइप केलं, 'माझ्या ट्रिगरनं. म्हणजे मी.'

'बाकी सगळे ट्रिगर पक्के, हाच सैल का?'

काकांनी बोटं कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवली.

'घरभेदी!' कोणीतरी लिहिलं. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. एकानं लिहिलं की त्याचं सगळं गेलं, तो लुटीच्या आदल्या दिवशीच आला होता. म्होरक्या वाईट माणूस नव्हता. त्यानं परत विचारलं, 'कारण सांगा. कारण असेल तर आम्ही ऐकू.' मी काकांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी तो हलकेच बाजूला केला, आणि लिहिलं, 'कारण नाही.'

टिटवी चौकात होती. हजर असलेल्यांच्या यादीत तिचं नाव मी पाहिलं. सबंध सभेत तिनं एक अक्षर लिहिलं नाही.

"बघा," मी म्हणाले. मी यादीतल्या तिच्या नावावर बोट ठेवलं. "बघा तुमची टिटवी."

"तिचा संगणक एकेक ओळ वाचते," काका म्हणाले. "इथं सारेच एकदम बोलून राह्यले. तिच्यापर्यंत अजून पोचलं नसन. ती लय मागं असन."

हे शक्य होतं. मला आजही वाटतं की हे शक्य होतं.

मग निकाल आला. नाव खोडलं गेलं आणि खेळानं एका ओळीत त्यांना फाटकाबाहेर नेऊन ठेवलं: 'तू गावाचा नाहीस. तू फाटकाबाहेर उभा आहेस.' समोर दिवसाचा शब्द, ताऱ्यांचा आणि रेघांचा, पडदाभर. सभा आत चालू राहिली असेल, आम्हाला ती ऐकू येत नव्हती. काकू उठल्या आणि भाकरी टाकायला आत गेल्या.

"बंद करा आता," मी म्हणाले.

"थांबा न. ती बाजाराकडं जाते या टायमाले. बाहेर पडाले मागून उडी माराची वाट हाये, आत याले फाटकच. परत येईन तं फाटकावर नवीन माणूस हाये, त्याच्याजोळ तिचा ट्रिगर नाई. बाहेरच राहीन ती."

आम्ही बसून राहिलो. पडद्यावर काही हललं नाही. मग खरंच ओळ आली. टिटवी पश्चिमेकडून आली. ती म्हणाली, 'मी आले, दार उघडा.'

फाटक उघडलं नाही.

'मी आले, दार उघडा,' ती परत म्हणाली.

काका पुढे झुकले. त्यांनी मान तिरपी करून ताऱ्यांतला शब्द वाचला, आणि तिला सांगायला टाइप करू लागले. त्यांचं टायपिंग अर्जांमुळे जलद होतं, पण त्या दिवशी ते एकेक अक्षर शोधत होते. 'आजचा शब्द' एवढं झालं. मग त्या शब्दाची पहिली अक्षरं. अजून पाठवलं नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावर उमटलं: 'टिटवीनं आजच्या शब्दासह फाटक ठोठावलं.'

'फाटक उघडलं. टिटवी आत गेली. फाटक लागलं.'

आम्ही दोघांनी ते वाचलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, मला बघवेना. मला फक्त कीबोर्डचा आवाज आला. अर्धवट लिहिलेली ओळ ते एकेक अक्षर खोडत होते, शेवटाकडून सुरवातीकडे, सगळी जाईपर्यंत.

"आतून कोणीतरी सांगतलं असन तिले," ते म्हणाले. थोडा वेळ त्या बंद फाटकाकडे बघत राहिले. "चांगले लोक हायेत आत."